रुपनवर मॅडम आणि गोड पाणी

चोवीस वर्षं मी डोक्याला खोबरेल तेल चोपडून कॉलेजात जात होतो. कुणाची काही तक्रार नव्हती. रुपनवर मॅडम रसायनशास्त्र विभागात आल्या आणि आठवड्याच्या आत माझं डोकं कोरडं पडलं.

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात थबकून त्यांनी नाकानं जोरात हवा ओढली आणि विचारलं, "तेल कोण लावतं?"

"मी मॅडम. केसाला."

"उद्यापासून इथं नको. घरी जाऊन हवं तेवढं लावा."

मी बारामतीचा, प्रयोगशाळेतला परिचर. बाटल्या धुणं, बर्नर पुसणं, रजिस्टरं सांभाळणं हे माझं काम. कॉलेजात पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला मामा म्हणतात, आणि मामानं डोक्याला काय लावावं हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला. पण तेल ही सुरुवात होती. त्यानंतर फोटोपुढची उदबत्ती बंद झाली. मुलींचे गजरे दाराबाहेर खिळ्याला लटकू लागले. डासांचं यंत्र गेलं. एकदा विभागप्रमुख सर लग्नाला जायचं म्हणून अत्तर लावून आले, तर मॅडमनी त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. व्हरांड्यात उभं राहून सह्या केल्या सरांनी. ते सर पुढं ही गोष्ट विसरले नाहीत.

एवढा सोवळेपणा कशासाठी, तर पाण्यासाठी. आपल्या भागात उसाला तणनाशक मारतात, इतर पिकांना कीटकनाशक मारतात. त्यातलं थोडं जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. ते इतकं थोडं असतं की पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. यंत्रालाही थेट दिसत नाही. म्हणून आधी ते पाण्यातून गोळा करावं लागतं, आणि गोळा करताना प्रयोगशाळेतलं तेल, अत्तर, धूर असलं काहीही मध्ये आलं तर सगळी मेहनत वाया.

हे मला सांगताना त्यांनी फळ्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "मामा, चहाच्या डब्याशेजारी उघडी हिंगाची डबी ठेवली तर काय होतं?"

"चहा वाया जातो."

"हिंग चहात पडतो का?"

"नाही. वास लागतो नुसता."

"मग झालं. आपल्याला असा चहा करायचाय, ज्याला विषाचा वास चटकन लागेल."

त्यांचा तो चहा म्हणजे केसाएवढी बारीक पोलादी तार आणि तिच्या टोकाला कसलातरी लेप. तार बाटलीतल्या पाण्यात पाऊण तास सोडायची, पाणी फिरतं ठेवायचं. विष लेपाला चिकटतं. मग ती तार यंत्राच्या तापलेल्या तोंडात खुपसली की चिकटलेलं सुटतं आणि पडद्यावरची रेघ वर उठते. रेघ सपाट राहिली तर काही नाही. सुळका उठला तर आहे, आणि कितव्या मिनिटाला उठला त्यावरून ते काय आहे हे कळतं.

हा पाऊण तास त्यांना सोसत नसे. खुर्ची होती, पण त्या तिच्यावर बाटल्या ठेवत. भाकरीची सुरळी हातात धरून खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा फेऱ्या मारत जेवायच्या. कुलूप लावून जिन्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. मी शांत स्वभावाचा माणूस. दुपारी चहा घेऊन दहा मिनिटं डोळे मिटायची माझी जुनी सवय. त्यांच्या पायांच्या आवाजानं तीही गेली. घरी बायको म्हणायला लागली, तुम्ही जेवताना पाय का हलवताय.

सकाळी आल्या आल्या त्यांचा एक शब्द ठरलेला असे. "मामा, आधी कोरं दाखवा." कोरं म्हणजे काहीच नसलेलं, शुद्ध पाणी. ते आधी यंत्रातून काढायचं, रेघ सपाट आहे हे बघायचं, मगच गावच्या बाटलीला हात. हे त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं की विभागाच्या बैठकीत कुणी कुणाबद्दल तक्रार करायला लागलं, तरी त्या म्हणायच्या, "सर, आधी तुमचं कोरं दाखवा." ते सरांना कळायचं नाही आणि बाकीचे हसायचे.

लेप लावलेल्या तारा परदेशातून यायच्या, आणि त्यातली एक माझ्या हातून मोडली. टेबल पुसताना फडक्यात अडकली आणि काटकन दोन तुकडे. मॅडमच्या फेऱ्या वाढल्या. दहाव्या का बाराव्या फेरीला थांबून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तारेवर किती दिवस काढायचे? चला, स्टँडवर."

स्टँडजवळच्या रसवंतीतून आम्ही पोतंभर उसाची चिपाडं आणली. ती वाळवली, कुटली आणि विभागाच्या भट्टीत हवा लागू न देता जाळून त्यांचा कोळसा केला. सबंध इमारतीत काकवी करपल्याचा वास सुटला. वाणिज्य विभागाचे सर नाकाला रुमाल लावून विचारत आले, "मामा, गुऱ्हाळ टाकलं का?" कोळसा वस्त्रगाळ करून तारेवर चिकटवायला दोन महिने गेले. कधी लेप सुटे, कधी कोळशाचाच सुळका उठे. "अजून एकदा," एवढंच म्हणायच्या. आणि एक दिवस त्या तारेनं मुद्दाम थेंबभर तणनाशक मिसळलेलं पाणी बरोबर ओळखलं. मॅडमनी माझ्या पाठीत एवढा जोरात धपाटा घातला की चष्मा पडला. ज्या उसासाठी औषध मारतात, त्याच उसाचं चिपाड ते औषध पाण्यातून हुडकून काढतं, याचा त्यांना फार आनंद होता. मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

त्यांचे वडील एकदा प्रयोगशाळा बघायला आले होते. डाळज गावाच्या बाजूला यांचं घर. आबांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं, आता थोडी शेती. पटका, धोतर, हातात काठी. यंत्राभोवती एक फेरी मारून त्यांनी लेकीला विचारलं, "ह्ये पाणी पितं व्हय?"

"न्हाय आबा. तार बुडवून नुसतं हुंगतं."

"मंग त्येला चव न्हाय कळायची."

"चवीनं इष कळत न्हाय, आबा."

"इष न्हाय कळत," आबा म्हणाले, "पर पाणी कुठलं हाय त्ये कळतं. आमी जिभंवर थेंब ठिवून सांगायचो, ह्यो वढा का ती हीर."

मॅडम हसल्या. पोरांना त्यांचा दंडक होता की प्रयोगशाळेतलं पाण्यासारखं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. आबांनाही त्यांनी चहा व्हरांड्यातच दिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

इंदापूर तालुक्यात बावड्याच्या पुढं एक वस्ती आहे. पंचवीस-तीस घरं, सगळीकडून ऊस, मध्ये एक जुनी विहीर. नळाचं पाणी आलं तर आलं. विहिरीच्या काठावरच लोक फवारणीचे पंप धुवायचे, त्यामुळं काहींच्या मनात शंका आली आणि ते विकतचे जार आणायला लागले. वस्तीतल्या नानासाहेबांनी, त्यांचा ट्रॅक्टर आहे आणि शब्दाला वजन आहे, मॅडमना निरोप धाडला की आमचं पाणी बघून द्या.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मॅडमचा नियम असा की बाटली स्वतः भरायची. काचेच्या तपकिरी बाटल्या, भट्टीत भाजून निर्जंतुक केल्यासारख्या कोऱ्या केलेल्या. त्या दुसऱ्याच्या हाती मॅडम देतच नसत. पण त्या दिवशी वस्तीत पाय ठेवतो न ठेवतो तोच कॉलेजातून फोन आला. दुपारी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते आणि त्याआधी आम्हाला आणखी एका गावची बाटली घ्यायची होती. वेळ कमी, जीव वरखाली. पहिल्याच घरी सखुबाई नावाच्या म्हाताऱ्या अंगणात होत्या. मॅडमनी बाटली त्यांच्या हातात दिली. "मावशी, विहिरीचं भरून ठेवा. काठोकाठ. आतून हात लावू नका. तासाभरानं परत येते."

तासाभरानं आलो. बाटली काठोकाठ भरलेली, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलेली होती. सखुबाईंनी ती दोन्ही हातांनी आणून दिली.

प्रयोगशाळेत मॅडमनी ते पाणी तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा रेघ सपाट. रजिस्टरात प्रत्येक पाण्यापुढं क्षाराचा एक रकाना असतो. क्षार मोजायचं छोटं यंत्र त्या आठवड्यात बंद होतं, नवी बॅटरी मी आणली नव्हती. तो रकाना मी रिकामा सोडला. नंतर भरू म्हटलं, आणि राहून गेलं. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

मॅडमनी मोठ्या अक्षरात मराठीत कागद लिहिला. तपासलेल्या नमुन्यात तणनाशकाचा अंश आढळला नाही. खाली सही आणि कॉलेजचा शिक्का. नानासाहेबांनी तो समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवला. वस्तीनं एवढंच वाचलं की पाणी चांगलं आहे. जार बंद झाले. सगळी घरं पुन्हा विहिरीवर आली. सखुबाईंची नातसून शीतल तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होती. तीही तेच पाणी प्यायला लागली.

आणि मॅडमची तगमग सुरू झाली. कारण त्यांनाही सांगता येत नव्हतं. मध्येच म्हणायच्या, "मामा, ती रेघ फारच सपाट होती." मी म्हणायचो, "पाणी चांगलं म्हणून सपाट." त्या म्हणायच्या, "विहिरीत पाला पडतो, शेवाळ असतं, माती असते. त्यांचे बारके बारके उंचवटे रेघेत दिसतात. हिच्यात एक नाही." पण परीक्षा, पेपर तपासणी, आणि त्यात त्यांची स्वतःची मुलाखत. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच. सात वर्षं झाली होती. त्या जूनमध्ये एक जागा कायम भरायची होती आणि ती त्यांनाच मिळणार असं शिपायापासून सगळे धरून चालले होते.

मे महिन्यातली दुपार. लाईट गेलेली, फ्रीज बंद. मॅडम प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी फ्रीजमध्ये जपून ठेवत. मी जुन्या बाटल्या मोरीत ओतायला काढत होतो. बावड्याच्या वस्तीची चिठ्ठी दिसली तशी त्यांनी ती माझ्या हातातून हिसकावलीच. रजिस्टर उघडलं. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि, ज्या बाईनं सात वर्षं पोरांना तोंडाजवळ चंचुपात्र नेऊ दिलं नव्हतं, तिनं घोट घेतला. तोंडात घोळवला.

"मामा, प्या."

"मॅडम, अहो..."

"प्या म्हणते ना."

मी प्यायलो. "चांगलं हाय की."

"गोड आहे."

"व्हय, गोड हाय."

"बावड्याच्या पुढं, उसाच्या मधली विहीर. तिथं सगळं पाणी क्षाराचं, मचूळ. हे गोड कुठनं आलं?" त्यांनी बाटली उजेडात धरली. "मामा, हे विहिरीचं पाणीच नाही."

पुढच्या पाच मिनिटांत आम्ही स्कूटीवर होतो. मेमधलं ऊन, पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. मी मागं बसून खोका धरलेला. वाटेत कुठं पाणी प्यायलाही त्या थांबल्या नाहीत.

सखुबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मॅडमनी गाडी धड स्टँडवरही लावली नाही. "मावशी, त्या दिवशी बाटली कशातनं भरली?"

म्हातारीला लपवायचं काही नव्हतं. उलट तिला वाटलं, शाबासकी द्यायला आल्या. "जारातलं भरलं की. गार, निवळशंख."

"विहिरीचं सांगितलं होतं ना मी!"

"आता हिरीचं मचूळ पाणी कालिजात कसं धाडायचं, पोरी? बारामतीची मोठाली माणसं बघणार. आमच्या पोरांची लग्नं जमंनात. पावणं येत्यात, घोटभर पाणी पित्यात आन उठून जात्यात. अशा पाण्याच्या गावात पोर देत न्हाय म्हंत्यात. म्हटलं, निदान कालिजात तरी वस्तीचं नाव चांगलं जाऊ दे."

मला ते ऐकून हसावं की रडावं कळेना. दाखवायला आणलेल्या मुलीला शेजारणीचं लुगडं नेसवावं, तसं तिनं वस्तीच्या वतीनं उसनं पाणी पुढं केलं होतं. जार घरात नातसुनेसाठी यायचा; स्वतः ती जन्मभर विहिरीचंच पीत आली होती. त्यात विष असेल हे तिच्या गावीही नव्हतं. तिला फक्त मचूळपणाची लाज होती.

मॅडम तिच्यावर ओरडल्या. इतक्या ओरडल्या की शेजारचं लेकरू रडायला लागलं. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. मग त्या तरातरा विहिरीकडं गेल्या, काठानं दोन फेऱ्या मारल्या, स्वतः पोहरा सोडला आणि तीन बाटल्या भरल्या. जाताना सखुबाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच गाडीकडं वळल्या. निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कोरं. सपाट. मग विहीर. रेघ सरळ वर चढली आणि आम्हाला पाठ झालेल्या मिनिटाला तिचा सुळका उभा राहिला. दुसरी बाटली, तिसरी बाटली, तोच सुळका. मी देवाचं नाव घेत होतो. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या आणि बोटं मोजत होत्या. मला आधी कळलं नाही काय मोजतात. मग कळलं. शीतलला कितवा महिना लागला, ते.

विभागप्रमुख सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, सावध आहे. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही कागदावर काय लिहिलंय? तपासलेल्या नमुन्यात. बरोबरच आहे ना ते? त्यांनी नमुना चुकीचा दिला. आता नवीन कागद द्या, की सध्या अंश आढळतोय. विषय संपला. चुकलं म्हणून कशाला सांगत सुटता? पुढच्या महिन्यात मुलाखत आहे तुमची."

"लोक नमुना पीत नाहीत, सर. पाणी पितात."

"बाटली कुणी भरली ते तरी सांगा मग."

"ते बघते मी."

रविवारी समाजमंदिरात वस्ती जमली. बाप्ये पुढं, बायका भिंतीकडं. मॅडमनी आधी भिंतीवरचा आपला कागद काढला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. मग सांगितलं. विहिरीत तणनाशक आहे. आजपासून पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका. फेब्रुवारीत मी दिलेला कागद चुकीचा होता.

नानासाहेब उठले. "म्हंजी? जार चालू हुतं आमचं. तुमच्या सहीवर बंद केलं. अडीच-तीन म्हैनं आमी कुणाच्या जिवावर प्यालो?"

"माझ्या."

"मंग त्या वक्ताला बाटलीत काय आलं हुतं? बाटली भरली कुणी?"

बायकांच्या रांगेत सखुबाईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबला होता. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो. मला वाटलं, आता नाव येणार, आणि यायलाच हवं. ज्या नोकरीसाठी सात वर्षं घासली, ती एका म्हातारीच्या भलत्या लाजेपायी घालवायची का?

मॅडम म्हणाल्या, "बाटली माझी होती. मला घाई होती म्हणून मी विहिरीवर गेले नाही. जायला पाहिजे होतं. चूक तिथं झाली."

नानासाहेबांनी दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं. मॅडमनी तेच वाक्य तसंच परत सांगितलं. मग लोक बोलायला लागले. "कालिजात शिकून ह्येच व्हय," "बाईमाणसाच्या हातात यंत्र," असलं बरंच. मॅडम ऐकत उभ्या राहिल्या. एरवी क्षणभर न थांबणारे त्यांचे पाय तेवढा वेळ जागचे हलले नाहीत.

आणि मग भिंतीकडून शीतल उठली. सात महिने भरत आलेले, एक हात कमरेवर. आवाज बारीक, पण पुढच्या बाप्यांपर्यंत पोचला.

"मॅडम, मी रोज त्येच प्यालेय. माज्या पोटातल्याला काय हुईल?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, सांगा, काही होत नाही म्हणा. कुणीही म्हटलं असतं. डॉक्टर म्हणतात, शेजारणी म्हणतात. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, शीतल. होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगू शकत नाही. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

शीतल भिंतीला टेकून खाली बसली. एक बाई मॅडमच्या अंगावर धावूनच आली, तिला दोघींनी धरलं. मी मॅडमना दंडाला धरून बाहेर काढलं.

स्कूटीपाशी सखुबाई आधीच येऊन उभ्या होत्या. मागच्या दारानं आल्या असाव्यात. "माजं नाव का घेतलं न्हाईस?"

मॅडम किल्ली शोधत होत्या. सापडत नव्हती, हातातच होती. "तुमचं नाव घेतलं असतं, तर उद्या दुसऱ्या वस्तीवर मला खरं पाणी कोण दाखवणार, मावशी? सगळे दारं लावून घेतील." मग म्हणाल्या, "त्या दिवशी ओरडले तुमच्यावर. तसं ओरडायला नको होतं."

परतताना मी गप्प बसलो नाही. डाव्या-उजव्या बाजूनं उसाच्या ट्रॉल्यांचे रिकामे सांगाडे उभे होते, वारा तोंडावर येत होता आणि मी मागून ओरडून बोलत होतो. "एवढं तरी बोलायचं ना त्या पोरीला! काय बिघडलं असतं?" बारामतीच्या अलीकडं त्यांनी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, तर तोंड सगळं भिजलेलं. म्हणाल्या, "मामा, मला माहीत असतं तर सगळ्यात आधी तिलाच सांगितलं असतं." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यासाठी जीवही तुटत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला या वयात कळलं.

मॅडम शीतलला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेल्या. नंतरही दोनदा नेलं. विहिरीवर बाभळीच्या काट्यांचं झाकण पडलं, काठावर पंप धुणं बंद झालं, जार परत आले. जूनमध्ये मुलाखत झाली. कायमची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि तासिकाही मॅडमना पुन्हा मिळाल्या नाहीत. कारण कुणी लिहून दिलं नाही. हिवाळ्याच्या तोंडाला त्यांना मराठवाड्यातल्या एका कॉलेजात जागा मिळाली आणि त्या गेल्या. मला अधूनमधून फोन येतो. तिथं यंत्र जुनं आहे, ज्वारीच्या धाटांचा कोळसा करून बघतेय, असलं सांगतात. शीतललाही फोन करतात, लेक पालथी पडते का, रांगायला लागली का, विचारतात. मी अजून डोक्याला तेल लावत नाही. आता कुणी नको म्हणत नाही, पण हात जात नाही.

मराठवाड्यात जाण्याच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "मामा, एकदा वस्तीवर जाऊन येऊ." विहिरीचं पाणी नव्या कॉलेजात नेऊन पुन्हा तपासायचं होतं. पंप धुणं थांबल्यावर सुळका किती खाली येतो, ते बघायचं होतं. मला माहीत होतं, फक्त तेवढ्यासाठी जायचं नव्हतं.

शीतलची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. सखुबाईंनी घोंगडं टाकलं, पण मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी मुलीला उचलून उजेडात, दारात नेलं. तिची मूठ उघडून बोटं बघितली, मग पायांची. चुटकी वाजवली, मुलीनं मान वळवली. दुसऱ्या बाजूला वाजवली, तिकडंही वळवली. डोळ्यांपुढून बोट फिरवलं. मुलगी बोट पकडून तोंडात घालायला बघत होती. चुलीवर दूध उतू गेलं तरी सखुबाई उठल्या नाहीत.

शेवटी शीतलच म्हणाली, "बरी हाय न्हवं?"

"आज बरी आहे."

"आज?"

"आज मला जे दिसतंय, ते सगळं चांगलं आहे. पुढचं मला आज दिसत नाही गं."

शीतलचे डोळे भरून आले, पण ती हसत होती. रागावली नव्हती. आता तिला मॅडम माहीत झाल्या होत्या. ती म्हणाली, "मॅडम, माज्यासाठी एकदा तरी खोटं बोला की वो."

मॅडमनी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. टोपडं सारखं केलं. "एकदा बोलले होते, शीतल," त्या म्हणाल्या. "सही करून."

आणि उन्हात उतरून विहिरीच्या वाटेनं चालायला लागल्या. मी बाटल्यांचा खोका उचलला आणि त्यांना गाठायला पळत सुटलो.